पिठाचे पंजे

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला पोळ्याच्या आधीच सांगून ठेवले होते. “इतिहासावर लिहा, पण जिजामाता आणि झाशीची राणी या दोन्ही विषयांवर लेख आलेले आहेत,” अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. शाळेत मराठी शिकविण्यात उमर गेली, आणि हाती येईल ते वाचण्याची खोड तेवढी लागली. तेव्हा पुष्कळ विचार करून मी एका सिनेमाचा विषय घेतला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “स्मरणिकेत सिनेमा?” मी म्हटले, वहिनी, आधी त्या सिनेमाचे नाव तर ऐका. नाव आहे ‘पिठाचे पंजे’.

नाव ऐकताच वहिनी हसल्या, आणि त्याच वेळी त्यांनी आपले दोन्ही हात पदराला पुसले. कारण त्या भाकरी थापता थापताच उठून दाराशी आल्या होत्या. माझा लेख तिथेच अर्धा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

‘पिठाचे पंजे’ हा दादासाहेब फाळके यांनी काढलेला एक छोटा विनोदी मूकपट. १९१४ च्या आरंभी तो ‘मोहिनी भस्मासुर’ या त्यांच्या दुसऱ्या मोठ्या चित्राच्या जोडीने मुंबईत दाखविला गेला. मोठे चित्र पुराणातले, आणि त्याच्या सोबतीला हा हसविणारा छोटा तुकडा. जेवणात पुरणपोळीच्या बाजूला कुरडई-पापड वाढावा, तसेच हे म्हणा ना. आपल्या देशात तयार झालेल्या अगदी पहिल्या विनोदी चित्रांत त्याची गणना होते.

आता तुम्ही विचाराल की मूकपट म्हणजे पात्रे बोलत नाहीत, गाणी नाहीत, मग लोक हसत कशाला असतील? पण भगिनींनो, हसावयाला शब्दच लागतात असे थोडेच आहे? पाळण्यातले मूल शब्द न कळताही खळखळून हसते. पाय घसरला, टोपी उडाली, पीठ माखलेला हात नको तिथे टेकला, की त्याला भाषांतर लागत नाही. म्हणूनच त्या काळी फ्रान्सचा मॅक्स लिंडर सगळ्या जगाला हसवू शकला. चार्ली चॅप्लिनचे नाव तर आपल्या नातवंडांनाही ठाऊक आहे. त्याचे पहिले चित्र अमेरिकेत १९१४ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे आले, म्हणजे आपले ‘पिठाचे पंजे’ आणि चॅप्लिनचे पहिले चित्र ही एकाच हिवाळ्यातली. तिकडे कॅलिफोर्नियात मोठमोठ्या कंपन्या आणि कारखाने होते. इकडे नाशकात एक माणूस, त्याचे घर आणि त्याच्या घरची बाई, एवढाच कारखाना होता. मला सांगावयाचे आहे ते या तिसऱ्या गोष्टीविषयी.

दादासाहेब फाळके म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे खेळ असे नाना उद्योग त्यांनी केले. पहिली पत्नी प्लेगच्या दिवसांत वारली. पुढे १९०२ मध्ये करंदीकरांच्या घरची मुलगी त्यांच्या घरी आली आणि सरस्वतीबाई झाली. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचे एक परदेशी चित्र दादासाहेबांनी पाहिले. पडद्यावर ख्रिस्त चालताना पाहून आमचा राम, आमचा कृष्ण असा कधी चालेल, हा ध्यास त्यांना लागला. पुन्हा ते चित्र पाहावयास ते पत्नीला घेऊन गेले. शेजारीपाजारी बाईमाणसाला सिनेमाला नेणे ज्या काळात चर्चेचा विषय होई, त्या काळची ही गोष्ट आहे.

मग ध्यासापायी डोळे बिघडले, काही काळ दिसेनासे झाले, ते औषधोपचारांनी पुन्हा सुधारले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेस निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ या चित्रपट काढणाऱ्या गृहस्थांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र घेतले, कच्ची फीत मागविली आणि १ एप्रिलला ते परत आले. दोन महिन्यांत एवढे सगळे. पण परत आल्यावर पैसे कुठून आणावयाचे? धनको लोक म्हणत, आधी काही तरी करून दाखवा. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत रोज थोडी थोडी फीत घेतली. पडद्यावर पाहता पाहता वेल वाढला. ते पाहून कर्ज मिळाले, आणि त्या कर्जासाठी गहाण पडले ते सरस्वतीबाईंचे दागिने.

दागिन्यांचा हा उल्लेख पुस्तकांतून एका ओळीत येतो आणि जातो. पण आपण बायका ती ओळ इतक्या लौकर ओलांडू शकत नाही. कापूस हातचा गेल्यावर कोणत्या घरातली पोत सोनाराकडे गेली, आणि ती परत आली की नाही, हे या वरवटात आपल्याला एकमेकींचे ठाऊक असते. ती पोत काढून देताना कशी वाटते, हेही ठाऊक असते.

आता फितीची गोष्ट ऐका. त्या वेळी कच्ची फीत भोकांशिवाय येई. दोन्ही कडांना भोके पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दातांत बसत नसे. आणि फितीला उजेड लागला की ती वाया गेली, म्हणून हे काम अंधारातच करावयाचे. हे काम सरस्वतीबाई शिकल्या आणि रात्री घरचे सगळे आटोपल्यावर करू लागल्या. मी मराठीची मास्तरीण असले तरी एवढे गणित मला येते. एक फूट फितीत १६ चित्रे असतात. एका चित्राला दोन्ही बाजूंस चार-चार भोके, म्हणजे एका फुटाला १२८ भोके झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचे होते. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोके होतात. एका चित्राच्या एका प्रतीचा हा हिशेब. यंत्र होते हे खरे, पण ते अंधारात चालविणारे हात लागत, आणि ते हात दिवसभर काय करीत होते तेही पाहा.

मुंबईत दादरला त्यांचे बिऱ्हाड होते आणि तिथेच स्टुडिओ. नट, सुतार, रंगारी, कारागीर अशी सगळी मंडळी घरच्यासारखी राहत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. माणशी तीन पोळ्या धरल्या तरी एका वेळेस दोनशेच्या आसपास पोळ्या झाल्या, आणि दोन वेळा जेवण. शिवाय कपडे धुणे. शिवाय मुले. शिवाय दिवसा चित्रण चाले तेव्हा उन्हात पांढरी चादर धरून उभे राहावयाचे, कारण चित्रणासाठी विजेचे दिवे नव्हते. चादरीवरून ऊन उलटवून नटांच्या तोंडावर पाडीत. शिवाय रसायने कालविणे आणि फीत धुणे त्या शिकल्या. मी हे लिहिताना मला वाटले की ‘पिठाचे पंजे’ हे नाव त्या घरात कोणाला सुचले असेल ते असो, पण पिठाचे पंजे त्या घरात रोज दिसत होते.

‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक मंडळींना दाखविले गेले आणि ३ मे १९१३ पासून गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लागले. त्या पहिल्या खेळाच्या जाहिरातीत हरिश्चंद्राच्या जोडीला एका गोऱ्या बाईचा नाच, एक विनोदी नकला करणारी जोडी आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू होता. म्हणजे गंभीर गोष्टीच्या बाजूला थोडी मौज हवी हे तेव्हापासूनचे आहे. पुढच्या चित्राच्या वेळी दादासाहेबांनी ही मौज परक्यांकडून न घेता घरीच तयार केली. पुढे आगपेटीतल्या काड्या नाचविणारे ‘आगकाड्यांची मौज’ हे छोटे चित्रही त्यांनी काढले. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादू करून दाखवीत. ‘फाळके’ हे नाव उलटे करून पाहा, म्हणजे त्या थट्टेखोर स्वभावाची कल्पना येईल.

हरिश्चंद्राच्या वेळी तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नाही. जाहिराती दिल्या, दारोदार फिरले, ज्या बायांना समाज आधीच नावे ठेवीत होता त्यांच्याकडेही विचारून पाहिले. पण सिनेमा म्हटल्यावर त्यासुद्धा नको म्हणाल्या. खुद्द सरस्वतीबाईंना दादासाहेबांनी विचारले, तेव्हा मी तोंडाला रंग लावून उभी राहिले तर बाकीचे सगळे कोण करणार, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत स्वयंपाकाचे काम करणारा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण १५ रुपये महिन्यावर मिळाला आणि तो तारामती झाला. पाहा, पडद्यावरची पहिली राणी झाली तीही स्वयंपाकघरातूनच आली, फक्त ती पुरुष होती.

पण ‘पिठाचे पंजे’ ज्याच्या जोडीला होते त्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये हे बदलले. १९१३ च्या ऑक्टोबरात फाळके कुटुंब नाशकास गेले होते. तेथे रघुनाथराव गोखल्यांच्या नाटक मंडळीतल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. आपल्या देशाच्या पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या आणि मुलीला घेऊन नाटकात काम करून पोट भरीत होत्या. लोकांनी बोल लावले, पण चूल पेटवावयास कोणी आले नाही. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या, लौकर विधवा झाल्या, आणि काम करीतच त्यांनी तीन मुलगे वाढविले. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू. पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. म्हणजे सहा वर्षांपूर्वी पुरुष तारामती होत होता आणि आता मुलगी कृष्ण होत होती.

इथपर्यंत इतिहास झाला. आता थोडे घरचे सांगते, कारण त्याशिवाय मला हा लेख लिहावासा वाटलाच नसता.

मी लग्न होऊन १९७१ साली वरवटला आले. आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. यात्रेत तंबूतला सिनेमा येई, बायकांची बसण्याची बाजू दोर बांधून वेगळी करीत, पण त्यांचे कधी जाणे झाले नाही. मी एकदा शेगावला सिनेमाला चला म्हणून आग्रह धरला, तर हसून म्हणाल्या, “पिठाच्या हातानं सिनेमा पाह्याले कोन जाते वं?” पुढे घरात टीव्ही आला. एकदा त्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ची जुनी दृश्ये दाखविली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपून ठेवलेली ती चित्रे. तारामती आणि तिच्या सख्या हौदात पाण्याशी खेळत आहेत. सासूबाई लसूण सोलीत होत्या. त्यांनी एकदाच वर पाहिले आणि म्हणाल्या, “ह्या काही बाया नोहेत. दंड पाह्य ना त्याहीचे.”

मी म्हटले, “खरं आहे आत्याबाई. तेव्हा बाया मिळत नव्हत्या कामाला.”

“मंग हे करनाऱ्याच्या घरची बाई कुठी व्हती?”

“ती सैपाक करत होती. साठ-सत्तर माणसांचा.”

“असंन,” त्या म्हणाल्या. “कोनी तरी करतच असंन.” आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या.

तेव्हा मला ते बोलणे गमतीचे वाटले. पण आपल्या मंडळाच्या खोलीत पंचविसाव्या वर्धापनदिनाचा मोठा फोटो लावलेला आहे, तो सर्वांनी पाहिला आहे. पुढच्या रांगेत पाहुण्या, मागे कार्यकारिणी. तो फोटो घेण्याची व्यवस्था माझ्याकडे होती. कोणी कुठे बसावयाचे हे मीच ठरविले, खुर्च्या मीच मांडून घेतल्या, फोटोग्राफरला घाई मीच केली, कारण पाहुण्यांना शेगावहून गाडी धरावयाची होती. त्या दिवशी मागच्या पडवीत पाच जणी पुऱ्या लाटीत होत्या. त्यांत आमच्या सासूबाई होत्या. मंडळ निघाले तेव्हा पहिली वर्गणी देणाऱ्यांत त्यांचे नाव होते, आणि प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक पापडाच्या कामाला त्या सर्वांआधी हजर असत. पडवी आणि अंगण यांत दहा पावलांचे अंतर. मी हाक मारली नाही. विसरले असे म्हणणे सोपे आहे, पण खरे सांगते, विसरलेही नव्हते. हात पिठाचे आहेत, लुगडे कामाचे आहे, आता त्या कुठे धुऊन-बदलून येणार, असे मनात आले आणि मी फोटोग्राफरला ‘घ्या’ म्हटले.

फोटो आला तेव्हा मी तो घरी दाखविला. सासूबाईंनी तो खिडकीशी नेऊन नीट पाहिला. “चांगला आला,” म्हणाल्या. त्यापुढे काहीच बोलल्या नाहीत, आणि मीही बोलले नाही. आता त्या नाहीत. त्या पाचही जणींपैकी आज एकच हयात आहे.

दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकास वारले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला सिनेमाचा सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो, आणि ते योग्यच आहे. असा ध्यास लाखात एखाद्याला लागतो. ते स्वतःही पत्नीच्या मदतीविषयी कृतज्ञतेने बोलत. त्यांना उणे लेखण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की सरस्वतीबाई पडद्यावर कुठेच दिसत नाहीत, पण फितीच्या दोन्ही कडांना जी भोके आहेत ती त्यांच्या हातची आहेत. चित्र मधे दिसते. कड कोणी पाहत नाही. पण कडेच्या भोकांवाचून चित्र एक पाऊलही पुढे सरकत नाही.

लग्नघरात आपण भिंतीवर हळदीकुंकवाचे हात उमटवितो. ते वर्षानुवर्षे राहतात, आणि म्हातारपणी पोरींना दाखवून आपण सांगतो, हा माझा हात. पिठाचा पंजा मात्र उमटला की लगेच पुसून टाकतो. पाटावर, दाराच्या चौकटीला, लेकराच्या पाठीवर, कुठेही उमटला तरी ओशाळून पुसतो. फाळक्यांनी तोच पंजा आपल्या पहिल्या विनोदी चित्राच्या नावात घातला आणि लोकांना दाखविला.

असो. चिटणीसबाईंनी दिलेली जागा संपत आली. शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली ही की जुन्या वर्गणीच्या वह्या अजून पेटीत आहेत, त्यांतली पहिल्या वर्षाची सर्व नावे या स्मरणिकेच्या अखेरच्या पानावर छापावीत. पडवीतल्या पाचही जणींची नावे तिथे सापडतील. दुसरी सूचना या वर्षीच्या फोटोविषयी. तो भाषणांच्या आधी न घेता पुऱ्या लाटून होत असताना पडवीत घ्यावा. कोणी हात धुऊन येऊ नये. पाहुण्याबाईंनाही मी पत्राने कळविले आहे, आणि त्यांचे उत्तर आले आहे की मलाही एक लाटणे द्या.

खुर्च्या मांडण्याचे काम या वर्षी माझ्याकडे देऊ नये, ही नम्र विनंती. मी पडवीत असेन.